निशाणाचा अन्वयार्थ : ‘गुलामगिरी’ या शब्दाच्या दोन वाटा

मराठीत ‘गुलामगिरी’ हा शब्द परकीय सत्तेखालील पारतंत्र्यासाठी वापरला जातो, तसाच माणसाने माणसाला दास करण्यासाठीही. गुलामगिरीशी जोडल्या गेलेल्या ध्वजांविषयीचे वाद तौलनिक अभ्यासात शेजारी ठेवले जातात तेव्हा या दुहेरी अर्थाकडे दुर्लक्ष होते आणि विवेचनात घोटाळा माजतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले. सेंट जॉर्जचा तांबडा क्रॉस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. गुलामीची खूण उतरविली, असे पंतप्रधानांनी त्या वेळी सांगितले. (हिंदी ‘निशान’मध्ये त्यांना खूण अभिप्रेत होती, मराठी कानाला तेथे ध्वजच ऐकू येतो.) या क्रॉसचा इतिहास मात्र सरळ नाही. १९५० मध्ये युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला तरी क्रॉस राहिला, म्हणजे तो स्वतंत्र देशानेच ठेवला होता. २००१ मध्ये तो काढला. परंतु त्याऐवजी घेतलेले निळे बोधचिन्ह आकाश आणि समुद्र यांच्या निळाईत ओळखू येईना, म्हणून २००४ मध्ये तो परतला. दुरून दिसणे हे ध्वजाचे पहिले काम, आणि त्या कामापुढे वसाहतवादाची आठवण काही वर्षे मागे सरली. चिन्हमीमांसेच्या उत्साहात असले व्यावहारिक कारण सहसा सुटून जाते.

येथे ‘गुलामी’ म्हणजे पारतंत्र्य. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला, तो प्रसंग मराठी राष्ट्रवादी लेखनाने याच अर्थाने वाचला आणि तो चढविणारे म्हणून बाळाजीपंत नातूंचे नाव फितुरीला समानार्थी झाले. पण १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा शब्द ग्रंथनाम म्हणून योजला तो दुसऱ्या अर्थाने. निग्रो दास्याच्या निर्मूलनासाठी झटलेल्या अमेरिकी जनतेस ग्रंथ अर्पण करून त्यांनी शूद्रातिशूद्रांची स्थिती त्या दास्याच्या शेजारी ठेवली. या वाचनात पेशवाईचा अस्त हा गुलामीचा प्रारंभ ठरत नाही. तथापि फुले यांना इंग्रजी सत्तेचे भाट समजणेही चूक. सरकारच्या शिक्षणविषयक धोरणावर त्यांनी त्याच ग्रंथात कठोर टीका केली आहे.

फुले यांनी ज्या अमेरिकेला वंदन केले, तेथील ध्वजवाद या दुसऱ्या अर्थाचा आहे. संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणी राज्यांचा रणध्वज दक्षिण कॅरोलिनाच्या विधानभवनावर चढला तो १९६०च्या दशकारंभी, यादवी युद्धाच्या शताब्दीचे निमित्त साधून. २००० मध्ये तो घुमटावरून आवारात आला. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यावर १० जुलै रोजी तेथूनही हटविला गेला. समर्थक त्यास पूर्वजांचा वारसा म्हणतात. परंतु गुलामगिरी कायद्याने संपल्यावर सुमारे शतकाने, नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना तो उभारला गेला. उभारणीची ही तारीख संहितेबाहेरची मानता येत नाही. नौदलाच्या क्रॉसमागे असा कोणताही पुनरुच्चार नव्हता. म्हणून ‘दोन्हीकडे गुलामीचे निशाण उतरले’ हे विधान भाषेने शक्य केलेले, पण इतिहासाने न पेललेले आहे.

शिवाय त्या क्रॉसचा प्रत्यक्ष दास्याशीही संबंध आहे आणि तो दुतर्फा आहे. तो मिरविणाऱ्या ध्वजाखाली ब्रिटिश जहाजांनी १८०७ पर्यंत कायदेशीर गुलामव्यापार केला, आणि पुढे त्याच ध्वजाच्या युद्धनौकांनी हिंदी महासागरातील गुलामवाहू गलबते अडविली. त्यांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले नाशिकजवळच्या शरणपूर येथे, चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत शिकत. त्यांपैकी एक १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या शवासोबत लंडनला गेला. इतिहास त्याला जेकब वेनराइट म्हणून ओळखतो. हे नाव त्याला सुटकेनंतर मिळाले.