जर-तरचा हंगाम

इतिहासाच्या अभ्यासकास 'जर-तर' वर्ज्य आहे, असें आम्ही शिकत आलों व शिकवीत आलों. कागद बोलेल तेवढेंच बोलावें, कागद थांबेल तेथें थांबावें, हा संशोधनाचा पहिला धडा. परंतु मनुष्याचें मन कागदापाशीं थांबत नाहीं. पानिपतावर विश्वासरावांस गोळी लागली नसती तर काय झालें असतें, हा प्रश्न मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे; आणि जयंत नारळीकरांनीं 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेंत ती गोळी हुकविली, तेव्हां तो प्रश्न किती जिवंत आहे हें दिसून आलें. घडलेल्या इतिहासाच्या शेजारीं न घडलेला इतिहास उभा करणारें हें वाङ्मय अमेरिकेंत विपुल आहे, व तेथें त्याचें एक आवडतें क्षेत्र म्हणजे बेसबॉलचा खेळ. त्यांतील एका कादंबरीचा येथें विचार करावयाचा आहे. डब्ल्यू. पी. किन्सेला या कॅनेडियन लेखकाची 'द आयोवा बेसबॉल कॉन्फेडरेसी' ही कादंबरी १९८६ सालीं प्रसिद्ध झाली. याच लेखकाच्या 'शूलेस जो' (१९८२) या कादंबरीवरून पुढें 'फील्ड ऑफ ड्रीम्स' हा चित्रपट निघाला.

या वाङ्मयानें बेसबॉलच कां निवडावा, हें समजण्यास त्या खेळाची प्रकृति थोडी पाहिली पाहिजे. क्रिकेटप्रमाणें बेसबॉलासही टिपणाचें मोठें वेड आहे. कोणीं किती फटके मारले, कोण कोठें बाद झाला, याची नोंद इतक्या निगुतीनें ठेविली जाते कीं, शंभर वर्षांपूर्वींचा सामना आजचा वाचक घरबसल्या पुन्हा मांडूं शकतो. दुसरी गोष्ट, या खेळास स्वभावतः घड्याळ ठाऊक नाहीं. बरोबरी फुटेपर्यंत डावामागून डाव चालूं शकतात. नोंद काटेकोर आणि काळ मोकळा, अशा ठिकाणीं कल्पनेस रान मिळालें तर नवल नाहीं. कारण एक नोंद इकडची तिकडे केली कीं सारी उतरंड हलते.

किन्सेलानें निवडलेलें १९०८ हें वर्ष तर 'जर-तर'चें माहेरघरच आहे. त्या वर्षीं २३ सप्टेंबर रोजीं न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्स यांचा सामना होता. नववा डाव, दोन गडी बाद, धांवा एकास एक. जायंट्सचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर होता, आणि पहिल्या बेसवर होता फ्रेड मर्कल हा एकोणीस वर्षांचा तरुण. पुढच्या खेळाडूचा फटका बसला, तिसऱ्या बेसवरचा गडी घरीं पोंचला, आणि सामना जिंकला असें समजून लोकांची झुंड मैदानांत घुसली. मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावतांच वळला व आपल्या निवासाकडे धांवत सुटला. शिकागोच्या जॉनी एव्हर्सनें चेंडू मिळवून (तो मूळचाच चेंडू होता कीं दुसरा, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं) दुसऱ्या बेसला पाय लावला. नियमाप्रमाणें मर्कल बाद ठरला, विजयाची धांव रद्द झाली, व सामना बरोबरींत सुटल्याचें जाहीर झालें. हंगामाच्या अखेरीस दोन्ही संघ नेमके बरोबरीस आले. ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा खेळविला गेला. तो शिकागोनें ४-२ असा जिंकला, आणि पुढें डिट्रॉइटचा पराभव करून जगज्जेतेपदही मिळविलें. त्यानंतर तें पद त्या संघास थेट २०१६ सालीं लाभलें. मर्कल मात्र चांगला खेळाडू असूनही त्या एका न टाकलेल्या पावलाचा डाग जन्मभर वागवीत राहिला.

एखाद्या सामान्य लेखकानें मर्कलचा पाय बेसला लावून दिला असता आणि पुढचा हंगाम नव्यानें रचला असता. किन्सेलानें तसें केलें नाहीं, यांत त्याची जातिवंत कल्पकता दिसते. त्यानें हात घातला तो त्याच वर्षाच्या एका मोकळ्या जागेंत. त्याचा नायक गिडियन क्लार्क यास निश्चित ठाऊक आहे कीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं आयोवा प्रांतांत हौशी खेळाडूंचा एक संघसमूह होता, आणि १९०८ च्या जुलै महिन्यांत खुद्द शिकागो कब्स त्यांच्याशीं खेळावयास तेथें आले होते. पण याचा पुरावा कोठेंही नाहीं. वर्तमानपत्रांत उल्लेख नाहीं, वृद्धांना आठवण नाहीं, शिकागोच्या संघाच्या दप्तरांत कागद नाहीं. गिडियनचे वडील मॅथ्यू यांनीं याच विषयावर विद्यापीठास प्रबंध सादर केला, तो आधाराअभावीं नाकारला गेला. आणि बापाच्या मृत्यूबरोबर तें सारें ज्ञान, वेडासकट, मुलाच्या डोक्यांत उतरलें.

कादंबरीचा हा पूर्वार्ध आम्हांस अव्वल दर्जाचा वाटतो. बखर खरी कीं अस्सल कागद खरा, या वादांत ज्यांची हयात गेली त्या महाराष्ट्रांतील वाचकांस या बापलेकांची व्यथा समजावून सांगण्याची गरज नाहीं. मॅथ्यू हा एक बखरकार आहे. त्याच्याजवळ सांगण्यासारखें सर्व आहे, दाखविण्यासारखें कांहीं नाहीं. त्याला नाकारणारें विद्यापीठ दुष्ट नाहीं, तें आपला धर्म पाळीत आहे. दोन्ही पक्ष आपापल्या जागीं बरोबर असतां जो पेंच पडतो, त्यालाच आपण शोकान्त वाङ्मयाचें बीज म्हणतों.

उत्तरार्धांत मात्र लेखणी सैल सुटते. गिडियन आपल्या मित्रासह काळाच्या फटींतून १९०८ मध्यें शिरतो आणि तो सामना प्रत्यक्ष पाहतो. सामना संपतच नाहीं. चाळीस दिवस, दोन हजारांहून अधिक डाव, आणि बायबलांतील प्रलयाची आठवण करून देणारा पाऊस! अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट येऊन बॅट हातीं धरतात. लिओनार्दो दा विंची विमानरूपी फुग्यांतून उतरून हा खेळ आपणच शोधून काढला असें सांगतो. स्मशानांतील काळ्या देवदूताचा पुतळा मैदानांत येऊन क्षेत्ररक्षण करतो. चमत्कारास आमची हरकत नाहीं. पुराणें ऐकत वाढलेल्या माणसाची ती असूंही नये. परंतु पुराणांतील चमत्कारास मोल द्यावें लागतें. वर मिळतो तो तपश्चर्येनें, आणि शाप दिला कीं तो भोगावा लागतो. लिओनार्दोच्या येण्यानें कोणाचें कांहीं वांचत नाहीं व कोणाचें कांहीं बुडत नाहीं. तो येतो, वाचक हंसतो, आणि तो जातो. ज्या कथेनें पूर्वार्धांत पुराव्याच्या एका चिटोऱ्यासाठीं आपला जीव टांगणीस लाविला, तीच कथा उत्तरार्धांत पुराव्याची किंमत शून्यावर आणते.

याला एक अपवाद आहे. गिडियनचा मित्र स्टॅन हा थोरल्या संघांत जाण्याची आस धरून दुय्यम संघांतच झिजलेला, उतार वयास लागलेला खेळाडू. १९०८ च्या त्या मैदानावर त्यास शिकागोच्या नामांकित गड्यांविरुद्ध खेळावयास मिळतें, आणि आयुष्यभर न मिळालेली जागा भूतकाळांत सांपडते. येथें चमत्कार खरा उतरतो, कारण त्याच्यामागें एका माणसाची वीस वर्षांची भूक आहे. तसेंच, त्या भूमीचा मूळ रहिवासी 'ड्रिफ्टिंग अवे' हा वृद्ध, गोऱ्या वसाहतवाल्यांनीं मारलेल्या आपल्या पत्नीस परत आणण्यासाठीं या सामन्यावर सर्वस्व लावतो, तेव्हां क्षणभर कथेस फार खोल तळ लागल्यासारखा वाटतो. पण लेखक त्यास माणूस म्हणून फार वेळ राहूं देत नाहीं. त्याचें गूढ वलय करून टाकतो.

आणि येथेंच या कादंबरीविषयींचा आमचा मुख्य आक्षेप उभा राहतो. १९०८ सालच्या शिकागोंत दप्तराबाहेर राहिलेला हंगाम शोधण्यास काळाच्या फटींत शिरण्याची गरज नव्हती. त्याच शहरांत लीलंड जायंट्स या कृष्णवर्णीयांच्या संघाकडून रूब फॉस्टर हा अव्वल गोलंदाज खेळत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थोरल्या संघांची दारें कृष्णवर्णीयांस बंद झालीं, तीं १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सनसाठीं प्रथम उघडलीं. १९०९ च्या ऑक्टोबरांत कब्स आणि लीलंड जायंट्स यांचे तीन सामने झाले. ते तिन्ही कब्सनीं जिंकले. हे सामने खरे होते. पण हंगामाच्या अधिकृत गणनेंत त्यांस स्थान नव्हतें. फॉस्टरनें १९२० सालीं कृष्णवर्णीयांचा स्वतंत्र संघसमूह स्थापिला. कृष्णवर्णीयांच्या संघांतून खेळणारा जोश गिब्सन हा बलाढ्य फलंदाज १९४७ च्या जानेवारींत वारला, आणि एप्रिलांत रॉबिन्सन मैदानांत उतरला. तीन महिन्यांचें हें अंतर कोणत्याही कल्पित कथेहून अधिक बोचणारें आहे.

फिलिप रॉथच्या 'द ग्रेट अमेरिकन नॉव्हेल' (१९७३) या उपहासकादंबरींत एक अख्खा तिसरा संघसमूह इतिहासांतून पुसला जातो, आणि ती थट्टा म्हणून आपण वाचतों. वास्तवांत पुसलेलें परत लिहिण्याचें काम संशोधकांनीं जुनीं वर्तमानपत्रें चाळून, एकेका सामन्याचें टिपण जुळवून केलें. डिसेंबर २०२० मध्यें १९२० ते १९४८ या काळांतील कृष्णवर्णीयांच्या सात संघसमूहांस थोरल्यांचा दर्जा मिळाला, आणि मे २०२४ मध्यें त्यांचे आंकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट झाले. आयुष्यभराच्या फलंदाजीच्या सरासरींत टाय कॉबचा .३६७ हा आंकडा मागें पडून गिब्सनचा .३७२ हा अग्रस्थानीं आला. १९०८ सालचा फॉस्टर मात्र या मर्यादेच्या अलीकडचा. तो अजूनही बाहेरच आहे.

आपणांस हें दूरचें वाटूं नये. त्याच काळांत मुंबई-पुण्यांत पालवणकर बाळू खेळत होते. पुण्यांत सवर्ण सहकाऱ्यांपासून वेगळें, बाहेर बसून मातीच्या भांड्यांत चहा घेणाऱ्या या गोलंदाजानें १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत ११४ बळी मिळविले. तरी हिंदू संघाचें नेतृत्व त्यांस कधीं मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल यांस लाभलें. पानिपतचा 'जर' आपण हजार वेळां उच्चारला. बाळूंच्या नेतृत्वाचा 'जर' किती घरांत उच्चारला गेला?

सारांश, या प्रकारच्या वाङ्मयाचे दोन वर्ग करावे लागतील. एक न घडलेल्याची कल्पना करतो, दुसरा घडूं न दिलेल्याची आठवण ठेवतो. पहिल्यापासून मनोरंजन होतें, हळहळ शमते, आणि आपण होतों तेथेंच राहतों. दुसरा आपणांस दप्तराकडे परत पाठवितो व त्याचा कोरा भाग दाखवितो. किन्सेलाच्या हातीं दुसऱ्या वर्गाचें बीज आलें होतें. पुराव्याविना सत्य उराशीं धरून बसलेल्या मॅथ्यू क्लार्कची अवस्था हीच कितीएक खऱ्या खेळाडूंची व त्यांच्या वारसांची अवस्था होती. लेखकानें त्या बीजास कल्पनेचें पाणी भरपूर घातलें, परंतु खऱ्या मातींत तें लावलें नाहीं. किन्सेलाचें निधन २०१६ च्या सप्टेंबरांत झालें. पुढल्याच नोव्हेंबरांत शिकागो कब्सनीं एकशें आठ वर्षांनंतर जगज्जेतेपद मिळविलें. त्याची कादंबरी रसिकांनीं अवश्य वाचावी. पूर्वार्ध सावकाश वाचावा, उत्तरार्ध हंसत वाचावा, आणि पुस्तक मिटल्यावर रूब फॉस्टरचें नांव एकदां तरी उच्चारावें.