छडा आणि इंग्रजीचा तास

बंगाली वाङ्मयाशी मराठी वाचकाचा परिचय जुना आहे. बंकिमचंद्र, शरदबाबू, रवींद्रनाथ भाषांतरांच्या वाटेने आपल्याकडे आले आणि घरचेच होऊन बसले. मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या शरदबाबूंवर तर आपल्या आज्यांनी दुपारच्या दुपारी घालवल्या. परंतु हा परिचय बंगालच्या दिवाणखान्याशी झाला. तिथल्या माजघरात, पाळण्याशेजारी, अंगणातल्या खेळात जे वाङ्मय बायकामुलांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले, ते आपल्या कानांवर फारसे पडलेले नाही. बंगालीत या गाण्यांना ‘छडा’ म्हणतात. आपल्या शाळांतून याच नावाच्या जवळपासची एक वस्तू निराळ्या कारणासाठी प्रसिद्ध होती. तिचा आणि या छड्याचा अर्थाअर्थी काही संबंध नाही. हा छडा मुलांना रडवीत नाही, रडणाऱ्यांना गप्प करतो.

या गाण्यांना साहित्याच्या पंक्तीत पाट मांडून बसवले ते रवींद्रनाथांनी. १८९४ साली त्यांनी ‘साधना’ मासिकात (सानेगुरुजींच्या साप्ताहिकाचे नाव पुढे तेच झाले) छड्यांवर निबंध लिहिला. तो १९०७ च्या ‘लोकसाहित्य’ या पुस्तकात ‘छेलेभुलानो छडा’ म्हणून वाचावयास मिळतो. छडे त्यांना मेघांसारखे वाटले : सतत आकार बदलणारे, वाऱ्याबरोबर वाहणारे, अर्थाच्या दाव्याला न बांधलेले. आपल्या अलंकारशास्त्राने नऊ रस मानले, पण या गाण्यांतला रस त्या नवांत कोठेच बसत नाही, त्याला बाल्यरस म्हणावे, असेही त्यांनी सुचवले. पुढे १८९९ साली योगींद्रनाथ सरकार यांनी ‘खुकुमणिर छडा’ हा संग्रह काढला. त्याआधी दोनच वर्षे त्यांचे ‘हासिखुशी’ हे अंकलिपीचे पुस्तक निघाले होते, आणि त्यात अक्षरओळख पद्यातूनच करून दिली होती. म्हणजे छड्याच्या चालीला शिकवणीस लावण्याची युक्ती बंगालला नवी नाही. मात्र तेथे गाण्याची भाषा आणि शिकवायची भाषा एकच होती. आता प्रश्न आहे तो याच बंगाली गाण्यांवरून लहान मुलांना इंग्रजी शिकवण्याचा.

हा प्रश्न निघतो याला कारण आहे. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या राजवटीत १९८३ च्या सुमारास सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढून टाकले गेले. त्यावर पुष्कळ वादळ झाले. १९९९ साली ते तिसरीपासून परत आले आणि २००४ साली पहिलीपर्यंत खाली उतरले. आपल्याकडे मराठी शाळांतून २००० सालीच पहिलीला इंग्रजी सुरू झाले होते. दोन्हीकडची अडचण एकच. ज्या घरात इंग्रजीचा शब्द कानी पडत नाही अशा घरातले सहा वर्षांचे मूल वर्गात येते, आणि त्याच्यापुढे एक अख्खी भाषा उभी राहते. मुलाजवळ स्वतःचे असे भांडवल काय असते? खेळ, घरची माणसे आणि ही गाणी. तेव्हा गाण्यापासूनच आरंभ करावा, ही कल्पना मनाला पटते. मी शाळामास्तर आहे. वर्गात गाणे सुरू झाले की बिचकलेल्या मुलांची तोंडे कशी उघडतात ते मला सांगावे लागत नाही. परंतु कल्पना चांगली असली म्हणजे तिचा प्रत्येक प्रयोग चांगला ठरतो असे नाही. छड्याचा असा उपयोग मुख्यतः तीन रीतींनी होऊ शकतो, आणि त्या तिन्हींची योग्यता सारखी नाही.

पहिली रीत म्हणजे चाल बंगाली ठेवून तिच्यात इंग्रजी शब्द बसवणे. ही सर्वांत सोपी, म्हणून सर्वांत मोहात पाडणारी. तिला थोडा शास्त्राचा आधारही आहे. बंगाली छंदांत छड्याचा छंद स्वतंत्र मानतात. त्यात साधारणपणे चार चार अवयवांचा गण असतो आणि प्रत्येक गणाच्या आरंभी आवाजाचा ठोसा पडतो. भोंडल्याच्या फेरात पाऊल जसे ठेक्यावर पडते तसा. इंग्रजी बालगीतेही ठोशावरच चालतात. बंगालीच्या इतर संथ, मात्रांच्या वृत्तांपेक्षा छडा इंग्रजी गाण्याला जवळचा, यात संशय नाही. एक, दोन, तीन असे आकडे, वारांची नावे, रंगांची नावे छड्याच्या ठेक्यावर म्हणायला लावली तर पोरे ती आठवड्यात पाठ करतील.

अडचण पुढे आहे. छड्यातला ठोसा ठरलेल्या जागी, गणाच्या तोंडाशी पडतो. इंग्रजी शब्दातला ठोसा प्रत्येक शब्दाचा निराळा. ‘बनाना’, ‘पोटेटो’, ‘अंब्रेला’ या तिन्ही शब्दांत जोर दुसऱ्या अवयवावर आहे. हे शब्द गणाच्या आरंभी बसवले की छडा आपल्या सवयीने पहिल्या अवयवावर घाव घालतो आणि शब्दाची मान मोडतो. मूळ बंगाली बोलीतही शब्दाच्या आरंभीच जोर देण्याची प्रवृत्ती असल्याने मुलाला यात काही चुकले असे वाटतच नाही. गाण्यात पाठ झालेली चूक आणि गद्यात पाठ झालेली चूक यांत फरक आहे. गद्यातली पुसता येते. गाण्यातली म्हातारपणापर्यंत सोबत करते. शिवाय ऱ्हस्वदीर्घाचा भेद बंगाली उच्चारात अर्थ बदलीत नाही. जहाजाला इंग्रजीत ‘शिप’ आणि मेंढीला ‘शीप’. बंगाली मुलाच्या कानाला दोन्ही सारखेच. गाण्यात सूर लांबवावाच लागतो, त्यामुळे जहाज आणि मेंढी यांची फारकत होण्याऐवजी लग्नच लागते. म्हणून ही रीत आकड्यांपुरती, वारांपुरती ठीक. तिच्यावर भाषेची इमारत उभारू नये.

दुसरी रीत भाषांतराची. छडा इंग्रजीत उतरवून तोच वर्गात म्हणवायचा. हिच्याविषयी मला अधिक बोलायचे आहे, कारण येथे नुकसान उच्चाराचे नसून गाण्याच्या प्राणाचे आहे.

बंगालचा चंद्र आपल्यासारखाच मामा आहे. तो येतो आणि बाळाच्या कपाळाला टिळा लावून जातो. इंग्रजीत हा मामा ‘अंकल’ होतो. अंकल म्हणजे मामा, काका, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान आणि शेजारच्या घरातले गृहस्थसुद्धा. आईचा भाऊ म्हणून त्याच्यावर जो हक्क सांगावयाचा, तो हक्कच त्या शब्दात उरत नाही. कपाळावरच्या टिळ्याला ‘डॉट’ म्हणावे तर तो पाटीवरचा ठिपका होतो. दुसऱ्या एका अंगाईत झोप घेऊन येणाऱ्या दोन बायका आहेत, एक मावशी आणि एक आत्या. माहेर आणि सासर दोन्हीकडच्या बायका या बाळाच्या डोळ्यांवर झोप ठेवायला येतात, हे त्या गाण्याचे सारे ऐश्वर्य. इंग्रजीत दोघींचीही ‘आंट’ झाली. दोन घरे एका बाळाभोवती गोळा झाली होती, ती एका शब्दाने घालवली. भाषांतरकाराचा यात अपराध नाही. त्या भाषेतल्या घरालाच तेवढे दरवाजे नाहीत.

याहून अवघड प्रश्न त्या प्रसिद्ध अंगाईचा, जिच्यात आपणच आहोत. मूल निजले, आळी शांत झाली, आणि देशात ‘बर्गी’ आले. बुलबुलांनी धान खाल्ले, आता सारा कशाने भरावा, असे ती आई विचारते. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावर बसून लढणारा मराठा स्वार. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर पुन्हा पुन्हा गेल्या. आपल्या बखरींत आणि शालेय इतिहासात त्या चौथाईच्या स्वाऱ्या आहेत. बंगालच्या पाळण्यात त्या भीती होऊन बसल्या आहेत. आपल्या पराक्रमाचा हिशेब दुसऱ्याच्या घरी कोणत्या वहीत लिहिला गेला, हे एका अंगाईवरून कळावे याची मराठी वाचकाला थोडी चुटपुट लागावी, आणि लागली तर ते बरेच आहे. गाण्याची खुबी अशी की त्यात आरडाओरडा नाही. बर्गी आले हे जितक्या शांतपणे सांगितले तितक्याच शांतपणे बुलबुलांनी धान खाल्ल्याचे सांगितले. सारा नेमका कोणाला भरायचा, नवाबाला की स्वाराला, हेही गाणे सांगत नाही. कुणब्याच्या दृष्टीने त्यात फरक तो काय? एका पाठभेदात तर सारा भरण्यासाठी लसणीचे पीक हाती येईपर्यंतची मुदत मागितली आहे. एवढी वेदना आणि एवढा मिस्किलपणा एका चिमुकल्या गाण्यात आहे.

आता हे इंग्रजीत उतरवायचे कसे? बर्गीच्या जागी ‘रेडर’ घातले तर कोणीही लुटारू चालतो आणि इतिहास निघून जातो. तो शब्द तसाच ठेवला तर त्याचा अर्थ इंग्रजीत सांगत बसावे लागते, आणि सहा वर्षांच्या मुलाजवळ तेवढे इंग्रजी असते तर हा खटाटोप कशाला केला असता? आणि मुलांना भीती नको म्हणून स्वार वगळून नुसते बुलबुल ठेवले, तर पाठ्यपुस्तकाला एक छान चित्र मिळते आणि अडीचशे वर्षांची आठवण गळून पडते. ज्या गाण्यांत असे काही आहे ती इंग्रजीच्या तासापुरती भाषांतरित करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठेपणी रसिकांसाठी त्यांची भाषांतरे अवश्य व्हावीत. ते काम निराळे.

राहिली तिसरी रीत, आणि मला तीच खरी वाटते. गाणे बंगालीतच राहू द्यावे. मुलांनी ते बंगालीत, पूर्ण गळा सोडून म्हणावे. आणि मग त्या गाण्यात घडलेल्या गोष्टीविषयी मास्तरांनी चार वाक्ये इंग्रजीत बोलावीत. गोष्ट मुलाला ठाऊक आहे, चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आहे, म्हणून नवे काय ते फक्त शब्द. एका छड्यात ‘खोका’, म्हणजे घरातला लाडका मुलगा, खिरीच्या नदीकाठी मासे धरायला जातो. त्याचा गळ बेडूक पळवतो आणि मासा घार नेते. इंग्रजीच्या आरंभासाठी याहून चांगला धडा कोणी पगार घेऊन लिहिला नसता. मुलगा, नदी, गळ, बेडूक, मासा, घार : सहा नामे. गेला, नेला : दोन क्रियापदे. ‘हू टुक द फिश?’ असे विचारताच साऱ्या वर्गाला उत्तर आधीच ठाऊक असते. अडते ते फक्त एका शब्दासाठी, आणि तो शब्द मुले स्वतः मागून घेतात. मास्तरांनी शब्द कोंबणे आणि मुलांनी शब्द मागणे, यात शिक्षणाचे अर्धे रहस्य आहे. घारीला आणि पतंगाला इंग्रजीत एकच शब्द ‘काइट’. नुसते इंग्रजी भाषांतर वाचणाऱ्या मुलाने कागदी पतंगाने मासा नेला असे समजले तर त्याला बोल लावता येणार नाही. मूळ गाणे जाणणारे मूल मात्र या योगायोगावर पोट धरून हसेल आणि तो शब्द जन्मात विसरणार नाही.

व्याकरणही याच वाटेने येते. बंगालीत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम आहे, त्यामुळे बंगाली मूल ‘ही’ आणि ‘शी’ यांत हटकून गोंधळते. छड्यांत खोका आहे तशी खुकूही आहे. खोका ‘ही’, खुकू ‘शी’ : ज्यांना आपण रोज गाण्यात भेटतो त्यांच्याविषयी बोलताना हा भेद नियम न सांगता मुरतो. ‘तो चांगला आहे’ यातला ‘आहे’ बंगाली वाक्यात उच्चारावा लागत नाही, इंग्रजीत ‘इज’ वाचून गाडी हलत नाही. तेही अशाच प्रश्नोत्तरांत जिभेवर बसावे. ठोशाचा घोटाळा येथे होत नाही, कारण इंग्रजी वाक्य बोलले जाते, बंगाली चालीत कोंबले जात नाही.

रवींद्रनाथांचे नाव येथे पुन्हा घ्यावे लागते. मातृभाषेचा एवढा कैवारी, पण शांतिनिकेतनच्या आपल्या शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी इंग्रजीची क्रमिक पुस्तके स्वतः लिहिली. १९०९ च्या त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘इंगराजि श्रुतिशिक्षा’. आधी कान, मग डोळा, हे सूत्र त्या नावातच आहे. मातृभाषेचे प्रेम आणि इंग्रजीचे शिक्षण यांत वैर मानण्याचे कारण त्यांना दिसले नाही. दोहोंनी एकमेकींची जागा बळकावू नये एवढेच.

कोणी म्हणतील, मग इंग्रजी बालगीतेच का शिकवू नयेत? शिकवावीत. इंग्रजीचा ठोसा इंग्रजी गाण्यातूनच कळायचा. मात्र ती पहिल्या दिवशीची शिदोरी नव्हे. इंग्रजी बालगीत पावसाला घालवून देते. बंगालचे गाणे धो धो ये म्हणते आणि मोबदल्यात धान मापून देऊ करते. आपले गाणे पैसा देऊ करते. ज्याच्या घरी भाताची लावणी पावसासाठी खोळंबली आहे त्या मुलाला पावसाची हकालपट्टी आधी शिकवली, तर भाषेबरोबर एक खोटे आपण त्याच्या तोंडी घालतो. आपले गाणे पक्के झाल्यावर तेच इंग्रजी गीत शिकवले, तर तिकडच्या मुलाला पाऊस का नको असतो हा नवा प्रश्न त्याला पडेल, आणि तोही शिक्षणाचाच भाग.

आपल्या मराठी बालवाड्यांतूनही चालीवर इंग्रजी शब्द बसवण्याचा उद्योग होतो. त्यालाही हेच माप लावावे : तास संपल्यावर मुलाजवळ मूळ गाणे शाबूत राहिले का? राहिले असेल, तर वर जे इंग्रजी मिळाले तो नफा. गाणे गेले आणि चारदोन शब्द आले, तर तो व्यवहार तोट्याचा, मग मूल पाहुण्यांसमोर कितीही फडाफडा बोलून दाखवो. आणि बंगालच्या एखाद्या वर्गात, इंग्रजीच्या तासाला, एखाद्या पोराने मध्येच विचारले की बर्गी म्हणजे कोण, तर मास्तरांनी पुस्तक मिटावे आणि त्याला ते बंगालीतच सांगावे. इंग्रजी थांबेल, त्या प्रश्नाला थांबवू नये.