रसेलच्या तळटीपा

चिचगड हे गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातले, छत्तीसगडच्या हद्दीकडे झुकलेले गाव. ब्रिटिश अमदानीत ती भंडारा जिल्ह्यातली एक जमीनदारी होती. या मुलखातल्या गोंड, हलबा, परधान लोकांविषयी इंग्रजीत सविस्तर लिहिले गेले ते आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया’ या चार खंडांच्या ग्रंथात. लंडनच्या मॅकमिलनने तो १९१६ मध्ये काढला. आज तो प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो आणि साध्या मोबाइलवर उघडतो. मूळ ग्रंथावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याच्या या डिजिटल आवृत्तीविषयी बोलायचे आहे, कारण चांगल्या संपादनात जी सचोटी लागते ती इथे आहे आणि तिची दखल सहसा कोणी घेत नाही.

२००७ पासून ही आवृत्ती येऊ लागली. तिच्यामागे येरून हेलिंगमन हे डच गृहस्थ आणि ‘डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स’ या मंडळातले स्वयंसेवक आहेत. चार्ल्स फ्रँक्स यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या या मंडळाची रीत सोपी आहे. छापील पानाचे चित्र एका बाजूला आणि यंत्राने त्यावरून ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवायचा, आणि एक माणूस एक पान तपासतो. मग तेच पान दुसरा तपासतो, तिसरा तपासतो. हे सगळे ज्या सॉफ्टवेअरवर चालते तेही मुक्त आहे, कोणीही उतरवून घ्यावे. तिथला पहिला दंडक असा, की लेखकाने लिहिलेले बदलायचे नाही. एखादा शब्द चुकीचा छापला असावा असे वाटले तरी तो तसाच ठेवून शेजारी चौकटी कंसात दोन तारे देऊन शंका नोंदवायची. निर्णय पुढचा माणूस घेईल. आपल्याकडच्या किती प्रकाशकांच्या मुद्रितशोधकांना एवढा संयम असतो, हा प्रश्न इथे न विचारलेला बरा.

रसेलचे पुस्तक या कामाला अवघड होते. भंडारा, हिरालाल अशा नावांतला दीर्घ स्वर दाखवायला तो रोमन अक्षरावर आडवी रेघ देतो. त्या काळी मंडळाच्या व्यवस्थेत ही रेघ थेट टंकता येत नसे. मग चौकटी कंसात बरोबरचे चिन्ह आणि त्यापुढे अक्षर असा संकेत ठरलेला होता, आणि अखेरीस त्याचे खरे अक्षर होई. भंडारा जिल्हा कधी पाहिला नाही अशा माणसांनी भंडाऱ्याचा ‘डा’ दीर्घ राहावा म्हणून ही खटपट केली. हे नुसते मजकूर उतरवणे म्हणता येणार नाही.

पुढची पायरी हेलिंगमन यांची. ते मजकुराला टीईआय पद्धतीच्या खुणा करतात. ही पद्धत १९८७ पासून विद्वानांनी मिळून वाढवली आहे. तिचा मुद्दा असा, की मजकूर कसा दिसावा हे सांगायचे नाही, तो काय आहे हे सांगायचे. ही तळटीप आहे, इथे छापील पान पालटते, हा शब्द परभाषेतला आहे, मुळात इथे छापखान्याची चूक होती आणि तिची दुरुस्ती ही. अशी खुणांकित फाइल एकदा तयार झाली की हेलिंगमन यांचे ‘टीईआय-टू-एचटीएमएल’ हे मुक्त साधन तिच्यातून वेब-पुस्तक आणि ई-पब दोन्ही काढते. त्यांच्या आवृत्त्यांच्या शेवटी एक तक्ता असतो: पान अमुक, मुळात तमुक, दुरुस्ती ही. मला या आवृत्त्यांचे सगळ्यांत आवडते पान हेच. संपादकाने कुठे हात घातला ते तो स्वतःच सांगतो.

आता तिसऱ्या खंडातले गोंडांवरचे प्रकरण उघडा. रसेल जनगणनेचा माणूस. १९०१ ची या प्रांताची जनगणना त्याच्याच देखरेखीखाली झाली. त्यामुळे प्रकरण संख्या आणि वस्तीच्या विभागणीने सुरू होते. मग नावाची व्युत्पत्ती, मग इतिहास, आणि अचानक लिंगोची कथा. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून तोंडावर शिळा ठेवली. चौघे निसटून काचीकोपा लोहागडला गेले. लिंगो जन्मला, त्याच चौघांच्या हातून मेला, पुन्हा उठला आणि त्याने गुहेतल्यांना सोडवून त्यांची कुळे बांधली. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेत माघी पौर्णिमेला जमणारे हजारो लोक तीच ही गुहा मानतात. रसेल मात्र सरकारी शिस्त सोडत नाही. लिंगोच्या मरणालाही परिच्छेद क्रमांक, पुनरुज्जीवनालाही मथळा! तरी या काही पानांत त्याचे वाक्य सैल होते, गोष्टीच्या नादाला लागते, आणि कथा संपताच पुन्हा ताठ होते. कागदावर हा बदल नजरेतून निसटतो. पडद्यावर मथळ्यांवरून खाली उतरताना तो चटकन जाणवतो.

तळटीपांचे तर या आवृत्तीत भाग्यच उजळले आहे. छापील पानात त्या बारीक टायपात तळाशी दडपलेल्या. इथे एका टिचकीत उघडतात, पुन्हा टिचकी मारली की वाचक होता त्या ओळीवर परत येतो. आणि त्या तळटीपांत आहे कोण? तहसीलदार, नायब तहसीलदार, शाळा तपासनीस, गॅझेटियर कचेरीतले मुन्शी कन्हैयालाल आणि प्यारेलाल मिश्र. ज्यांनी टिपणे लिहून पाठवली ती माणसे. शीर्षकपानावर हिरालाल यांनाही फक्त ‘साहाय्य’ एवढीच जागा मिळाली आहे, मग या बाकीच्यांची काय कथा. पण प्रत्येक टीप जोडलेली असल्याने कोणते प्रकरण कोणाच्या कागदांवर उभे आहे ते आता सलग पाहत जाता येते. रसेलचे पुस्तक बरेचसे इथल्याच कारकुनांनी लिहिले, असे म्हणायला मी धजतो ते या तळटीपांच्या बळावर.

लिंगोची कथा रसेलने स्वतः ऐकलेली नाही. ती रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या भाटाच्या, तोंडून उतरवून घेतली होती. हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. रसेल ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात ‘पर्शिया’ जहाज पाणतीर लागून बुडाले त्यात बुडाला आणि पुस्तक पुढच्या वर्षी बाहेर आले. योगायोग, एवढेच. पण एकच कथा दोन्ही वेळा ती लिहिणारा माणूस गेल्यावर छापून निघाली, हे खरे. डिजिटल आवृत्ती ही त्याच साखळीतली तिसरी कडी.

काय सुधारायचे नाही, याचेही भान या आवृत्तीला आहे. गोंडांच्या स्वभावाविषयी, हुशारीविषयी रसेल साहेबी ऐटीत जे बोलतो ते वाचून राग येतो. दुरुस्तीच्या तक्त्यात त्यातले काही येत नाही आणि यायलाही नको. तक्ता छापखान्याच्या चुकांसाठी आहे. रसेलच्या चुका त्याच्या नावावर तशाच राहिल्या पाहिजेत.

एक तक्रार मात्र आहे. पानावर कोणी किती हात फिरवला हे तयार पुस्तकात दिसत नाही, तो सगळा इतिहास मंडळाच्या आतच राहतो. मराठी विकिस्रोतावर असे नाही. तिथे प्रत्येक पानाला रंग असतो: न तपासलेले लाल, एकदा तपासलेले पिवळे, दुसऱ्या माणसाने पडताळलेले हिरवे. पुस्तकाच्या पानांच्या सूचीवरून कोणत्या पानावर किती भरवसा ठेवायचा ते आधीच कळते. रसेलचा मराठी अनुवाद त्या जागी करायला कायद्याची अडचण दिसत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो आणि हिरालाल १९३४ मध्ये वारले.

पण माझ्या मते सुरुवात रसेलपासून करूच नये. त्याने लिंगोची कथा इंग्रजीत थोडक्यात आणली. हिस्लॉपच्या पुस्तकात मूळ गोंडी ओळी रोमन अक्षरांत छापलेल्या आहेत. शेजारच्या बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी घडवली, २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये आली, आणि तिचा ‘नोटो’ हा टंक (फॉन्ट) मुक्त आहे. टीईआयमध्ये पाठभेदांच्या खुणांचीही सोय आहे: ही ओळ हिस्लॉपकडे अशी, रसेलकडे अशी, आजचा परधान कचारगडला गातो तशी. ज्ञानेश्वरीच्या पाठांवर पिढ्यानपिढ्या भांडलेल्या मराठी अभ्यासकाला हे काम परके नाही. चिचगड-देवरीकडच्या एखाद्या कॉलेजच्या मुलामुलींना ते दोन उन्हाळ्यांत जमेल, आणि तळटीपांत त्यांनी आपली नावे पूर्ण घालावीत.