स्पीकर बदलण्याआधी खोली ऐका

आजचा विषय घरातल्या स्टीरिओचा, त्यातही शेल्फवर मावणाऱ्या छोट्या स्पीकरांचा. आपण पिंपरी-चिंचवडमध्ये बोलतो आहोत, म्हणून सुरुवात शेजारच्या चाकणपासून करू. तिथे हर्मनचा कारखाना आहे, मोटारींसाठीच्या इन्फोटेनमेंट यंत्रणा बनवणारा. जेबीएल हे नावही याच कंपनीचं. मोटारीतला आवाज त्या मोटारीची पोकळी, काचा आणि सीटची जागा बघून जुळवला जातो. घरी मात्र आपण स्पीकर आणतो, टीव्हीच्या कपाटात कोंबतो आणि समाधान झालं नाही की आणखी महाग मॉडेल शोधायला लागतो. आमची टीका या सवयीवर आहे, आणि तिला खतपाणी घालणाऱ्या परीक्षणांवरही.

परीक्षणात काय लिहिलेलं असतं? आवाज उबदार आहे, बास घट्ट आहे, गायक समोर बसल्यासारखा वाटतो. बरं, पण कुठल्या खोलीत? भिंतीपासून किती अंतरावर? हे बहुतेकदा सांगितलेलंच नसतं.

समजा, आपली खोली १० बाय ११ फुटांची आहे आणि उंची साडेनऊ फूट. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी तरंगलांबी बरोबर मावते, तो सूर तिथे घुमतो. ११ फुटांना हा हिशेब येतो ५१ हर्ट्झ, १० फुटांना ५६, साडेनऊला ५९. बघा, तिन्ही किती जवळजवळ! या पट्ट्यात खोली स्वतःच ढोल वाजवते. अशा ठिकाणी मोठा वूफर आणला की पैसे आपले जातात आणि वाढतं ते घुमणं.

मग आपल्या गाण्याला किती खोल आवाज लागतो? गायक काळी एकमध्ये गात असेल, तर तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते, जोडीच्या तारा १३९ ला. जवारीची सगळी गंमत त्याच्या कितीतरी वरच्या सुरांत. म्हणजे पाच-सहा इंची वूफरचा चांगला छोटा स्पीकर तानपुरा नीट ऐकवू शकतो. भीमसेन जोशींचा एखादा अभंग लावा. पखवाजाची धुमाळी आणि टाळांचा किणकिणाट वेगवेगळे कळतात का, की सगळ्याचा गोळा होतो? परीक्षा ही.

आता ताकदीचं. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा आहे ४५ डेसिबलची. रात्री ऐकणाऱ्याला १०० वॉटचा उपयोग तरी काय?

आपल्या पट्ट्यातली एक गोष्ट मात्र कुठल्याच परीक्षणात येत नाही. ती म्हणजे आपले कान. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि प्रेस शॉपमध्ये काम केलेल्याला तो गोंगाट माहीत आहे. शिफ्टनंतर काही तास ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं मंद होऊ शकतं. त्याच संध्याकाळी दुकानात गेलात, तर कर्कश ट्विटरसुद्धा 'स्वच्छ' वाटेल. सुट्टीच्या सकाळी तोच टाळ टोचायला लागतो आणि पुन्हा अपग्रेडचा विचार सुरू होतो. दोष स्पीकरचा नसतो, निवडीच्या वेळेचा असतो. कानाचा हा थकवा रोजचाच होत असेल, तर आधी श्रवणतपासणी करून घ्या. स्पीकर दुसऱ्यांदा घेता येतात.

मग काहीच बदलायचं नाही का? बदलायचं की! वूफरच्या कडेचा फोम कुजला असेल, पेटीच थरथरत असेल, गाणारा डब्यातून बोलल्यासारखा वाटत असेल, तर नवे स्पीकर जरूर घ्या. पण क्रम पाळा. आधी ते कपाटातून बाहेर काढून स्टँडवर ठेवा. ट्विटर कानाच्या उंचीला आणा. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा. दोन स्पीकर आणि तुम्ही यांचा त्रिकोण साधा. जाड पडदा, गालिचा किंवा भरलेलं पुस्तकांचं कपाट असलं तर उत्तम. मग आठवडाभर ऐका. तरी खटकत असेल, तर सुट्टीच्या सकाळी आपलंच गाणं घेऊन दुकानात जा आणि विचारा, दोन दिवस घरी लावून बघायला द्याल का? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.