न बोलणारे बेट

‘मिस्ट’ हा संगणकीय खेळ रँड व रॉबिन मिलर या अमेरिकन बंधूंनी १९९३ साली सादर केला. निर्जन बेट, जुने ग्रंथालय आणि दोन पुस्तकांत कैद झालेले दोन भाऊ. दोघेही एकमेकांवर आरोप करून सुटकेसाठी पुस्तकाची हरवलेली पाने मागतात. खरे कोण, हे खेळ सांगत नाही. त्यांच्या दालनांतील संपत्ती व छळाची साधने पाहून आपणच ते ताडावयाचे. ज्याला शेवटचे पान द्यावे तो सुटतो आणि त्याच्या जागी आपण कैद होतो! येथे मागे लागणारा शत्रू नाही, वेळेची मर्यादा नाही. खोक्यात टिपणांसाठी कोरी वही मात्र दिलेली असे.

आजच्या अनेक सुमार खेळांत बाण वाट दाखवितो, रोजच्या हजेरीला बक्षीस मिळते आणि अडलेल्याला पैसे मोजून पुढे जाता येते. चित्रे देखणी, पण विचारास वाव नाही. जुन्या खेळांतील काही कोडी नुसती वैताग आणीत, हे मान्य. ‘मिस्ट’मधील भुयारी चक्रव्यूह त्यांपैकीच. तरीही खेळाडूच्या बुद्धीवर त्या खेळाचा विश्वास होता.

पालकांनी खेळ निवडताना चित्रांआधी एवढे पाहावे: अडल्यावर तो मुलाला विचार करू देतो का?