स्वस्त आवृत्ती कोणासाठी?

शाळकरी मुलांना ग्रीक देवता ठाऊक, पण रामाच्या आईचे नाव सांगता येत नाही, हे पाहून अनंत पै यांनी १९६७ साली 'अमर चित्र कथा' सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्या कुंचल्याने ते ३२ पानी अंक सजले. पुढे त्याच कथांचे जाडजूड, गुळगुळीत संग्रह निघाले. महाभारत मूळ ४२ अंकांचे. त्याचे खंड बांधणे न्याय्यच. परंतु एका बैठकीची कथा पुठ्ठ्यात बांधली की ती थोरांच्या कपाटात जाते. सुटा अंक मुलाने खाऊच्या पैशांत घ्यावा, शेजारच्यास उसना द्यावा, त्याचा कोपराही फाटावा. अर्थात, किंमत उतरविताना चित्रे आक्रसली आणि फुग्यांतील अक्षरे मुंगीएवढी झाली, तर त्या आवृत्तीस आम्ही स्वस्त म्हणणार नाही, निकृष्ट म्हणू.

आम्हा बृहन्महाराष्ट्रीयांचा प्रश्न याहून नाजूक आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या नातवंडांना हिंदीमुळे देवनागरी अवगत असते. अडते ते मराठी वाचनाशी. फुग्यात चार शब्द आणि शेजारी त्यांचा अर्थ उलगडणारे चित्र, याहून सोपी पायरी आम्हांस तरी दिसत नाही. म्हणून स्वस्त आवृत्ती मराठीतही हवी, आणि ती मराठी कानाला ओळखीची हवी. शिवरायांचे मावळे भाषांतरित, पुस्तकी वाक्ये बोलू लागले, तर मूल हिंदी अंकच उचलील. आणि त्यास बोल लावण्याचा अधिकार आपणांस उरणार नाही.