टोपपदराची साक्ष

मराठीत ‘फॅशन’ हा शब्द बहुधा रागावण्यासाठीच वापरला जातो, आणि आम्ही शिक्षकमंडळी त्यात आघाडीवर. परंपरा वंदनीय आणि फॅशन उथळ, ही सोपी विभागणी आपल्या सांस्कृतिक लेखनातही मुरली आहे. मला ती मान्य नाही. ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती पुष्कळदा अंगवळणी पडलेली फॅशनच असते.

आज शालीन मानल्या जाणाऱ्या गोल साडीचेच पाहा. १८६० च्या दशकात मुंबईला आलेल्या ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांनी पारशी स्त्रियांच्या नेसण्यावरून साडीची नवी ढब बसवली आणि ती बंगालात नेली. आपल्याकडे शिकलेल्या शहरी स्त्रियांनी विसाव्या शतकात नऊवारीचा कासोटा सोडला. तेव्हा जे नवे होते, तेच आज शिक्षिकेचे सोज्ज्वळ रूप ठरले आहे.

दुसरे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. इरकली लुगडे म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचे. त्याच्या अंगाचा ताणा परंपरेने सुती, पदराचा रेशमी. हे दोन ताणे फासांनी एकमेकांत अडकवून विणायचे, ही त्याची खूण. लाल पदरावर पांढरी नक्षी येते ती किल्ल्याच्या तटाची, जोंधळ्याच्या कणसाची, फणीची. चोळीचा खण येतो त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. मागावरची भाषा कानडी, पण ओटी भरताना मराठी बाईने तो खण कधी परका मानला नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी विजापूर, धारवाड, बेळगाव हे जिल्हे मुंबई राज्यात होते. त्या दिवशी राज्य बदलले, ओटीतला खण तोच राहिला. सीमाप्रश्नावर आम्ही इतके लिहितो, पण या वस्त्राची साक्ष फारसे कोणी काढत नाही.

आता खण पुन्हा चलनात आला आहे. त्याच्या साड्या, झबली, पर्सा, आकाशकंदीलसुद्धा होतात. याला नाक मुरडण्याचे कारण नाही. वस्त्र वापरात राहते ते अशा नव्या हौसेमुळेच. माझा आक्षेप वेगळा आहे. यंत्रमागावरची स्वस्त नक्कल ‘आपली परंपरा’ म्हणून मिरवली जाते, आणि हातमागावर बसलेल्या माणसाच्या मजुरीची चौकशी कोणी करत नाही.

स्नेहसंमेलनात पारंपरिक वेशभूषेला गुण देताना मी मुलींना एक प्रश्न विचारतो : हे विणले कुठे? बहुतेकींना दुकानाचे नाव सांगता येते, गावाचे नाही. दोष त्यांचा नव्हे. इतिहासाच्या तासाला आपण राजांच्या वंशावळी पाठ करून घेतो. अंगावरच्या कापडाची वंशावळ कधी शिकवत नाही. फॅशनची टिंगल करण्याआधी ती शिकवायला हवी.